माशांच्या नावे मंजूर झालेली सावली

मासा पाण्यात जगतो आणि पाण्याबाहेर मरतो, हे सत्य सर्व धर्मांत आणि सर्व खात्यांत मान्य आहे. मात्र वैशाखात, यवतमाळ जिल्ह्यात, तो पाण्यातही मरतो. आणि एखादा जीव जिथे जगायला हवा तिथेच मरू लागला, की त्याच्यासाठी योजना काढावी लागते. (माणसाला हा नियम सरसकट लावता येत नाही. माणसांची संख्या पाहता ते झेपण्यासारखं नाही.)

अशा रीतीने 'सजीव मत्स्य धारण कक्ष' जन्माला आला. कागद बाजूला ठेवून बोलायचं तर ही एक टाकी. फायबरच्या नावेच्या मधोमध बसवलेली, पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट खोल, पांढरी शुभ्र, झाकणासकट. जाळ्यातला मासा तिच्यात सोडायचा आणि काठावर येईपर्यंत जिवंत ठेवायचा. काठावर त्याला कापायचंच असतं. पण तोवर त्याची आबाळ होऊ नये, ही त्यामागची कळकळ. बोकडालाही सुरी फिरवण्याआधी पाणी पाजतातच. टाकी ही त्याच संस्कृतीची पुढची पायरी.

पिंपळदरा तलावावर ही टाकी धरमसिंगच्या वाट्याला आली. धरमसिंग हा 'खेमसिंगचा तांडा' या वस्तीवरचा, वय पन्नासच्या आसपास. त्याच्या पणजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अर्धा मुलूख पालथा घातला होता. पण त्या मालाला श्वास घ्यावा लागत नसे, म्हणून त्यांचं निभावलं. पुढे तांडा स्थिरावला, वावरं आली. मग तलाव झाला आणि खालची वावरं पाण्यात गेली. तेव्हापासून तांड्याची चौतीस घरं त्याच पाण्यातले मासे धरतात. वावर गेलं तिथंच जाळं टाकायचं, त्यामुळे धरमसिंगला धुऱ्याबांधानिशी ठाऊक होतं की मासा कुठल्या सऱ्यांत बसतो.

त्याची कामाची रीत साधी. पहाटे चारला जाळं ओढायचं, उजाडायच्या आत मासे टोपलीत टाकून वर ओलं बारदान घालायचं, आठला दारव्ह्याच्या बाजारात बसायचं, नऊला उठायचं. मासा मेलेला असे, पण नुकताच. गिऱ्हाइकाची तक्रार नव्हती. माशाची असली तर ती धरमसिंगच्या कानावर आली नाही.

योजनेच्या पुस्तिकेत ही रीत 'पारंपरिक (अशास्त्रीय)' म्हणून नोंदवलेली आहे. कारण उघड आहे. ती कार्यालय उघडण्याआधीच संपते. जे काम अकराच्या आत उरकतं ते पाहायला कुणी नसतं, आणि जे कुणी पाहिलं नाही ते झालं असं कसं म्हणावं? म्हणून चाचणीची वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीन अशी ठरली. महिना मे.

चाचणी अशी होती. टाकीत वीस कटले सोडायचे. नाव काठापासून अर्धा किलोमीटर आत नांगर टाकून उभी करायची. चार तासांनी मोजणी. अठरा जिवंत निघाले तर तलाव तांड्याच्या मच्छीमार सोसायटीकडे राहील. सतरा निघाले तर तो एका कंत्राटदाराकडे जाईल, कारण कंत्राटदाराकडे 'यंत्रणा' आहे. म्हणजे चौतीस चुली आणि विझणं यांच्यामध्ये दोन कटले उभे होते. तिसऱ्यानं मरायचं नव्हतं.

धरमसिंगनं बेत सुचवून पाहिला. तपासणी समितीचे अध्यक्ष सदाशिवराव हे दारव्ह्याकडचे मोठे कास्तकार, स्वभावाने गरीब, ऐकून घेणारे. त्यांनी ऐकून घेतलं.

"भाऊसाहेब, कटला नाजूक जात हाय. त्यापेक्षा मरळ टाकतो. मरळीले काई होत नाई. बादलीत ठेवा, पोत्यात ठेवा, दिवसभर तोंड वासून पाहात राह्यते."

"तेच तर," सदाशिवराव म्हणाले. "मरळ आपल्या आपणच जगते. मग तिले जगवल्याचं श्रेय टाकीले कसं द्यायचं?"

धरमसिंगला हे पटलं नाही, पण मुद्दा बिनतोड होता. जो स्वतःच्या हिमतीवर जगतो तो कुठल्याच योजनेच्या कामाचा नसतो. आकडेवारी बिघडवण्यापलीकडे त्याचा उपयोग काय?

"मंग पहाटं घ्या चाचणी."

"पहाटे तर ते कसेही जगतीन. त्यात चाचणी कायची?"

खात्याचा मत्स्य सहायक अश्वजित यानेही पहाटेच्या बाजूने दोन पानी टिपण दिलं होतं. त्याची दखल घेण्यात आली, म्हणजे ते परिशिष्ट 'ड' म्हणून शेवटी टाचण्यात आलं.

आता माशांची काळजी कशी घ्यावी याबद्दलच्या सूचना. त्या मनापासून लिहिलेल्या आहेत. त्या अशा:

एक, उन्हाळ्यात मासा तणावात असतो. त्याच्याशी दांडगाई करू नये. हात लावण्यापूर्वी हात ओले करावेत.

दोन, वरचं पाणी तापलेलं असतं. दोन पुरुष खोलीवरचं थंड पाणी काढून दर पंधरा मिनिटांनी टाकीत भरावं.

तीन, बर्फ थोडाथोडा घालावा. एकदम थंडावा सोसत नाही.

चार, मूठभर मीठ घालावं. त्याने जिवाला उभारी येते.

पाच, हवा सतत खेळती ठेवावी. (यासाठी सौरऊर्जेवरचा पंप. त्या दिवशी नावेत ऊन मानवलेला तेवढा एकटाच.)

सहा, टाकीवर हिरव्या जाळीची सावली असावी.

सात, दाटी करू नये. प्रत्येक जिवाला मोकळं हलता आलं पाहिजे.

जाळी आली ती टाकीच्या मापाची, पाच फूट बाय दोन. धरमसिंगने ती इकडे-तिकडे ओढून पाहिली, की तिच्या कडेला आपलंही डोकं मावेल का. मावलं नाही. अश्वजितने विचारलं तेव्हा कळलं की सावली 'मत्स्य' या शीर्षाखाली मंजूर आहे. नाविक त्या शीर्षात बसत नाही. बर्फाचंही तसंच. चाळीस किलो बर्फ मोजून दिलेला, आणि दर वेळी किती टाकला याची वही. चघळलेल्या बर्फासाठी वहीत रकाना नव्हता.

धरमसिंगच्या जोडीला त्याची बायको बिजलीबाई. कागदावर तिचं पद 'मत्स्य परिचर (महिला)'. तिने ऊन लागू नये म्हणून कमरेच्या पिशवीत चार कांदे बांधून घेतले होते, कारण वऱ्हाडात कांद्याशिवाय दुपारी बाहेर पडणाऱ्याला माणसं दोनदा विचारतात की बाबा, घरी भांडण झालं का. धक्क्यावर पिशवी तपासली गेली आणि कांदे काढून ठेवण्यात आले. उग्र वासाने माशांचा तणाव वाढतो.

"अन् आमचा?" तिने विचारलं.

"तुमच्यासाठी प्रथमोपचार पेटी हाय," सदाशिवराव म्हणाले. पेटी काठावर, मांडवात होती. मांडवात कुलर होता, मठ्ठा होता, पाच सदस्य होते, आणि नावेशी बोलायला एक भोंगा होता.

अकराला नाव उभी राहिली. उन्हाचं वर्णन करत नाही. ज्यांनी आमच्या जिल्ह्याचा मे पाहिलाय त्यांना ते ठाऊक आहे, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना खरं वाटणार नाही. अश्वजितने नावेत लावून दिलेल्या तापमापकांनी बाहेर सेहेचाळीस दाखवले, टाकीत सत्तावीस. एकाच नावेत, हातभर अंतरावर, दोन हवामानं होती.

दर पंधरा मिनिटांनी भोंगा विचारी, "मासे कसे आहेत?" आणि धरमसिंग हात वर करून सांगे, ठीक. मग दोरीला बांधलेला डबा दगडाच्या वजनाने खाली सोडायचा, दोन पुरुष खोल, आणि भरून वर ओढायचा. एका वेळेला आठ डबे. चार तासांत सोळा वेळा. कागदावर हे एकशे अठ्ठावीस डबे होतात. समितीने नंतर बेरीज केली तेव्हा तीही अचूक आली.

"बस थोडं," बिजलीबाई दुसऱ्या तासाला म्हणाली. "मी ओढते."

"तू झाकण पाह्य. तो कोपऱ्यातला वाकडा होऊन राह्यला."

"मासाच हाय तो. तुमचा जावई नाई."

"जावई असता तं मी एवढं पाणी ओढलं असतं का?"

ती हसली. तोही हसला. त्या नावेतलं ते शेवटचं हसू. बारा वीसला कोपऱ्यातला गेला. एक दहाला दुसरा. मोकळीक संपली. आता तांडा एका कटल्यावर आला होता, आणि तो कटला कोणता हे कुणालाच माहीत नव्हतं. अठराही सारखेच तोंड उघडमिट करत होते.

इथे धरमसिंगने एक काम केलं, ते पुस्तिकेत नव्हतं. त्याने डोक्याचा दुपट्टा सोडला, पाण्यात बुडवला आणि टाकीच्या उन्हाकडच्या बाजूवर पसरला. मासा हा त्याने जन्मभर डोळ्यांनी पाहिला होता, हातांनी धरला होता. त्याची काळजी करायची वेळ पहिल्यांदाच आलेली, आणि नवी काळजी माणसाला अशीच लागते, सबंध. बिजलीबाई ओरडली, "डोक्सं झाका आधी." तो म्हणाला, "दीड तास तं राह्यला." बाटलीतलं पाणी चहासारखं झालं होतं. तेही त्याने दोन घोट पिऊन तिला दिलं.

दोन वाजता भोंगा म्हणाला, "मासे कसे आहेत?" धरमसिंगने हात वर केला नाही. तो काठाकडे पाहात होता आणि बंजाऱ्यांच्या गोर बोलीत कुणाला तरी सांगत होता की बैल पाण्यावर न्या, लांबचं जायचं आहे. तांड्यावर बैल राहिलेले नव्हते. बिजलीबाईने त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ तव्यासारखं, आणि कोरडं ठक्क. घाम थांबला होता. डबा त्याच्या हातून सुटला, दोरीसकट खाली गेला, आणि त्याच्या मागोमाग तो स्वतः नावेच्या तळाशी बसला, आडवा झाला.

"काई वेगो?" तिने त्याला त्यांच्या बोलीत विचारलं. काय झालं?

आता बिजलीबाई शिकलेली नव्हती, पण चार दिवस तिला ती पुस्तिका वाचून दाखवली होती, आणि ती तिच्या डोक्यात पक्की बसली होती. उन्हाने जीव घाबरा झाला तर काय करावं? सावली. गार पाणी, थोडंथोडं. बर्फ. मूठभर मीठ. खेळती हवा. दाटी नको. सगळं तिथंच होतं, हातभर अंतरावर, चालू स्थितीत. अडचण एवढीच की त्यात अठरा कटले होते.

काठ अर्धा किलोमीटर. एकटीने वल्हवायचं तर पाऊण तास. तलावाचं वरचं पाणी अंगावर घ्यावं तर ऊनऊन, आणि भान हरपलेला माणूस पाण्यात सोडायचा तर धरून कोण ठेवणार? तिने फार विचार केला नसावा. तिने झाकण काढलं, हात ओले केले (सूचना एक) आणि एकेक कटला उचलून तलावात सोडायला सुरुवात केली.

मांडवात गडबड उडाली. सदाशिवराव भोंग्यावर आले.

"बाई, झाकण लावा. तापमान वाढून राह्यलं."

"भाऊसाहेब," ती ओरडली, "तापमान ह्यायचं वाढलं."

"बाई, मासे जाऊन राह्यले."

"मासे ज्याच्या त्याच्या घरी चालले. तुम्ही माणूस पाठवा."

माणूस पाठवायला दुसरी नाव नव्हती. चाचणीच्या काळात तलाव रिकामा ठेवण्याची अट होती. बिजलीबाईने धरमसिंगला काखेत धरून टाकीच्या काठावर चढवलं, गुडघे दुमडले आणि आत बसवलं. वरून जाळी ओढली. पाच फूट बाय दोनची ती सावली त्याच्या अंगावर शिंप्याने बेतल्यासारखी बसली. मानेखाली बर्फ, काखेत बर्फ. मग तिने नांगर ओढला आणि ती वल्ह्याला बसली. पंप बुडबुडे सोडत राहिला. त्याला आत कोण आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्या संपूर्ण यंत्रणेत तोच एक निःपक्षपाती.

दोन पन्नासला नाव काठाजवळ आली. अश्वजित चपलांसकट छातीभर पाण्यात शिरला आणि त्याने नाव ओढून घेतली. धरमसिंगने डोळे उघडले. बायकोकडे पाहिलं, हिरव्या जाळीकडे पाहिलं.

"किती उरले?" त्याने विचारलं.

"एक," ती म्हणाली. "त्यालेच पाहून राह्यली."

त्याने डोळे मिटले. तांडा गेला, हे त्याला कळलं. अश्वजितने त्याला स्वतःच्या मोटारसायकलवर, मागून बिजलीबाईने धरून, दवाखान्यात नेलं. तिथे दोन सलाईन लागली आणि चौथ्या दिवशी तो चालत घरी आला. हे इथेच सांगून टाकतो, कारण याचा उल्लेख अहवालात नाही.

अहवाल मात्र वाचण्यासारखा आहे. सदाशिवराव सचोटीचे, जे आढळलं ते लिहिणारे. नाव काठाला लागताच केलेल्या मोजणीत टाकीत आढळलेले सजीव: एक. जात: इतर. वजन: अंदाजे अठ्ठावन्न किलो. हालचाल: मंद. कल्ले: लागू नाही. मेलेले कटले: दोन. उरलेले अठरा: अनुपस्थित. जे हजर नाहीत त्यांना जिवंत धरता येत नाही (ही अट निवृत्तिवेतनाच्या नियमांतून घेतलेली आहे), त्यामुळे नगावर काढलेलं जिवंत राहण्याचं प्रमाण पाच टक्के. सोसायटी नापास.

पण टाकीचं मूल्यमापन नगावर नव्हे, वजनावर होतं. सुरुवातीला टाकीत वीस किलो सजीव होते, शेवटी अठ्ठावन्न. म्हणजे दोनशे नव्वद टक्के. उन्हाळ्यात, सेहेचाळीस अंशांत, राज्यात कुठल्याही टाकीने हे करून दाखवलेलं नाही. टाकी विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाली.

तरीही कुणावर अन्याय नको म्हणून तलाव हस्तांतरित करण्यापूर्वी पंधरा दिवसांची जाहीर सूचना निघाली. घडलेला प्रकार तपशिलात देऊन नागरिकांच्या हरकती मागवल्या. ती तहसीलच्या फलकावर लागली, छापून आली, मोबाईलवरही फिरली. एकेचाळीस अर्ज आले. तेवीस जणांनी विचारलं की त्या अठरा माशांचं पुढे काय झालं, जगले का. अकरा जणांनी कळवलं की ज्या टाकीत माणूस बसला तिच्यातला मासा आम्ही खाणार नाही, टाकी धुऊन घ्यावी. पाच जणांना तशी टाकी कुठे मिळते हे हवं होतं. एकाने शुद्धलेखनाच्या चुका काढल्या होत्या. उरलेला एक अर्ज अश्वजितचा होता. तो शासकीय कर्मचारी असल्याने नागरिक म्हणून ग्राह्य धरला गेला नाही.

तलाव कंत्राटदाराकडे गेला. कंत्राटदाराने पहिल्या आठवड्यातच मासेमारीची वेळ पहाटे चार केली. त्याला कार्यालयीन वेळ लागू नाही. एकही कटला मेला नाही, आणि हे टाकीमुळे झालं हे सिद्ध झालं. चांगला माणूस तो. त्याने तांड्यावर निरोप पाठवला की धरमसिंगला तलावाची माहिती आहे, त्याने नावेवर रोजाने यावं. धरमसिंग खाटेवर बसून ऐकत होता. बिजलीबाईने निरोप्याला पाणी दिलं आणि ती म्हणाली, "सांगजा तुमच्या मालकाले, आमचे हे काई नाव चालवाले येत नाई. टाकीत बसाले कोनी पायजे असन तं येतो म्हणतीन. बर्फ मात्र त्यायनं आणावं."

दिवाळीपर्यंत चौतीसपैकी एकवीस घरांना कुलूप लागलं. माणसं उसाकडे आणि वीटभट्ट्यांकडे गेली.

एवढं वाचून आपल्याला वाईट वाटलं असेल, आणि ते आपल्याला शोभतं. सदाशिवरावांनाही वाटलं. म्हणूनच हा निर्णय समितीने एकटीच्या शिरावर घेतला नाही. अहवालाच्या शेवटी लिहिलं आहे की सूचना वाचून ज्यांनी मुदतीत काहीही कळवलं नाही, त्यांची तलाव काढून घेण्यास संमती आहे असं समजण्यात आलं. अशांची नावं स्वतंत्र लिहिण्याचा खटाटोप नको म्हणून सबंध जिल्ह्याची मतदार यादीच सोबत जोडली आहे, भाग क्रमांकानुसार, म्हणजे आपलं नाव शोधायला सोपं. आपण जिल्ह्याबाहेरचे असाल तर त्रास घेऊ नये. बाहेरच्यांची संमती आधीपासून गृहीत आहे.